डोके जड राहते, लक्ष लागत नाही: कमतरता कशी शोधावी आणि गोळ्या कशा घ्याव्यात

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कोणत्याही औषधांच्या दुकानात "ताकदीची गोळी द्या" किंवा "बी-बाराचे इंजेक्शन द्या" अशी मागणी चिठ्ठीशिवाय सर्रास केली जाते. मागणाऱ्याला विचारले, तर तक्रार पुष्कळदा अंगातल्या अशक्तपणापेक्षा डोक्याची निघते. वाचलेले लक्षात राहत नाही, हिशेबातला आकडा निसटतो, ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन थांबते, दुपारनंतर काही सुचत नाही. घरातली आजी हेच "काहीच ध्यानमा ऱ्हात नही" असे सांगते आणि वयाचा दोष म्हणून आपण ते सोडून देतो. अभ्यासिकेत दहा-दहा तास बसणारा स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी हेच सांगतो, तेव्हा त्याला मन लावून वाचण्याचा उपदेश मिळतो. मला दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात, कारण या तक्रारीमागे काही वेळा साध्या रक्त तपासणीत सापडणारी आणि उपचाराने भरून येणारी कमतरता असते.

ज्याला हल्ली ब्रेन फॉग म्हणतात तो स्वतंत्र रोग नाही. बी-१२ किंवा लोहाची कमतरता, थायरॉईडचे विकार, अनियंत्रित मधुमेह, अपुरी झोप, घोरण्यासोबत झोपेत श्वास अडकणे, नैराश्य, एखाद्या तापानंतर लांबलेला थकवा आणि काही औषधे, या सर्वांची तक्रार सारखीच असू शकते. म्हणून या मार्गदर्शनाचा आग्रह क्रमाचा आहे: आधी नोंद, मग तपासणी, मग नेमकी गोळी आणि शेवटी फेरतपासणी. गोळी आधी आणि तपासणी नंतर, असा उलटा क्रम झाला की रक्तातली बी-१२ ची पातळी चांगली दिसते, मूळ कमतरता होती की नव्हती हे कळेनासे होते आणि ती कशामुळे झाली हा प्रश्न कायमचा मागे राहतो.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट असावी. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टपणा आला, बोलणे अडखळू लागले, तोंड किंवा एक हात लुळा पडला, सोबत तीव्र ताप, झटका किंवा असह्य डोकेदुखी असली, तर पुढचे काहीही वाचत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे मार्गदर्शन आठवड्यांपासून किंवा महिन्यांपासून हळूहळू वाढलेल्या तक्रारीसाठी आहे.

तपासणीआधीची नोंद

आठ-दहा दिवस एका वहीत रोज चार ओळी लिहाव्यात. किती तास झोप झाली, डोके कोणत्या वेळी जड झाले, त्याआधी काय खाल्ले होते आणि चहा किती वेळा झाला, एवढे पुरे. त्याच वहीत दूध, दही, अंडी, मासे किंवा मटण आठवड्यातून किती वेळा पोटात जाते ते प्रामाणिकपणे लिहावे. माळकरी घरांत आणि पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या कुटुंबांत हा तपशील निर्णायक ठरतो. मांसाहारी घरातही चातुर्मासात किंवा सणांच्या महिन्यांत ताट बदलते आणि त्या काळात उपवासाला साबुदाणा व बटाटा यांच्यापलीकडे काही नसेल, तर तेही नोंदवावे. स्त्रियांनी पाळीतला रक्तस्राव किती दिवस आणि किती प्रमाणात होतो, हे संकोच न करता लिहावे. लोहाच्या कमतरतेचे कारण अनेकदा तिथेच सापडते.

सगळ्यांत महत्त्वाची यादी चालू औषधांची. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतले जाणारे मेटफॉर्मिन बी-१२ चे शोषण कमी करते. आम्लपित्तासाठी रोज सकाळी घेतली जाणारी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल ही गोळी दीर्घकाळ चालू राहिली, तर बी-१२ आणि मॅग्नेशियम दोन्ही कमी होऊ शकतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी, विशेषतः वयस्कर माणसांत, रक्तातील सोडियम घटू शकते आणि त्याने थेट गोंधळलेपण येते. सर्दी-ऍलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या यांचाही यादीत समावेश असावा. या यादीतील कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करायचे नाही. ती यादी डॉक्टरांसमोर ठेवायची आहे.

तपासण्यांमध्ये संपूर्ण रक्तगणना (सीबीसी), लोहाचा साठा सांगणारे फेरिटिन, बी-१२, थायरॉईडसाठी टीएसएच, रक्तशर्करा आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन यांनी सुरुवात करणे सयुक्तिक आहे. साठीपुढच्या माणसात सोडियम आणि कॅल्शियम जोडावेत. तपासण्यांचे मोठे पॅकेज घेण्यापेक्षा या मोजक्या तपासण्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घेणे बरे. खासगी खर्च परवडत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करावी. पुढच्या तपासणीची गरज पडली, तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल, तर रक्त देण्यापूर्वी ते डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला सांगावे, कारण जास्त मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉईडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येतात. सहसा दोन-तीन दिवस आधी ते थांबवायला सांगितले जाते.

बी-१२: शाकाहारी ताटातली उणीव

बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करत नाहीत. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्याला ते दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. त्यामुळे कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, मेथी, डाळ आणि शेंगदाण्याची चटणी असे अत्यंत सकस ताटही बी-१२ च्या बाबतीत रिकामे असू शकते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे दोन ते अडीच मायक्रोग्रॅम लागतात. शंभर मिलिलीटर दुधात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम असतो, म्हणजे केवळ दुधावर ही गरज भागवायची तर अर्धा लिटरच्या आसपास दूध किंवा तेवढ्या दुधाचे दही रोज पोटात जावे लागेल. दिवसभरातल्या चार कप चहात मिळून जेवढे दूध जाते, त्यावर विसंबणे ही फसवणूक आहे. पातळ ताकाचेही तेच. अंड्यातला बी-१२ प्रामुख्याने पिवळ्या बलकात असतो, त्यामुळे पांढरा भाग खाऊन बलक टाकणाऱ्याला तो फारसा मिळत नाही. स्पिरुलिना आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्या शाकाहारी बी-१२ म्हणून विकल्या जातात, पण त्यांतील बराचसा भाग शरीराला न वापरता येणारा असतो.

हे जीवनसत्त्व यकृतात काही वर्षे पुरेल इतके साठलेले असते. म्हणून आहार बदलल्यावर लगेच काही जाणवत नाही आणि जेव्हा जाणवते तेव्हा कारण विस्मृतीत गेलेले असते. विसरभोळेपणाबरोबर तळपायांना मुंग्या, बधिरपणा, अंधारात चालताना तोल जाणे, जीभ लाल व गुळगुळीत होणे, चिडचिड किंवा उदासी यांपैकी काही असेल, तर संशय बळावतो. हिमोग्लोबिन उत्तम असतानाही बी-१२ च्या अभावाने मज्जातंतूंना इजा होऊ शकते, त्यामुळे "रक्त चांगले आहे, मग काळजी नाही" हा निष्कर्ष काढू नये.

अहवालात २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलीटरपेक्षा कमी आकडा कमतरता मानला जातो. २०० ते ३०० हा संदिग्ध पट्टा आहे. तिथे लक्षणे असतील, तर डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथिलमॅलोनिक ऍसिडची तपासणी सांगतात किंवा सरळ उपचार सुरू करतात. उपचार दोन वाटांनी होतो. चालण्यात, संवेदनेत किंवा स्मृतीत ठळक बिघाड असेल, शोषणच होत नसेल किंवा पातळी अतिशय खाली असेल, तर इंजेक्शने दिली जातात आणि ती आधी कमी अंतराने, नंतर लांबच्या अंतराने असतात. इतर बहुतेकांना रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी पुरते. मात्रा इतकी मोठी असण्याचे कारण असे की, जठरातून स्रवणाऱ्या विशिष्ट प्रथिनाच्या मदतीने होणारे शोषण एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमवर थांबते आणि त्यापुढे मात्रेच्या सुमारे एक टक्काच आतड्यातून आपोआप झिरपतो. हजारातले दहा मायक्रोग्रॅम मिळाले, तरी रोजच्या गरजेच्या ते चौपट होतात. सायनोकोबालामिन आणि मिथिलकोबालामिन यांपैकी कोणते घ्यावे याचा घोळ अनाठायी आहे. साध्या आहारजन्य कमतरतेत दोन्ही उपयोगी पडतात.

फॉलिक ऍसिडची मोठ्या मात्रेची गोळी बी-१२ न तपासता एकटी घेऊ नये. तिने रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. गोळ्या सुरू केल्यावर थकवा काही आठवड्यांत कमी होऊ शकतो, मात्र मुंग्या आणि विसरभोळेपणा जायला काही महिने लागतात आणि फार जुनी इजा पूर्ण भरून येईलच असे नाही. शुद्ध शाकाहारी माणसाची पातळी एकदा भरल्यावर गोळी पूर्ण बंद करणे बहुधा चूक ठरते. आहार बदलणार नसेल, तर लहान मात्रा चालू ठेवावी लागते.

लोह: हिमोग्लोबिनच्या आधी फेरिटिन

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे हिमोग्लोबिन प्रौढ स्त्रीत १२, गर्भवतीत ११ आणि पुरुषात १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर तो रक्तक्षय होय. पण हिमोग्लोबिन घटण्याआधी शरीरातील लोहाचा साठा संपत आलेला असतो आणि तो फेरिटिन सांगते. प्रौढांत १५ पेक्षा कमी फेरिटिन म्हणजे साठा संपला, असे समजतात, आणि लक्षणे असतील तर अनेक डॉक्टर ३० च्या खालीही उपचार करतात. अंगात ताप, जंतुसंसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटे वाढलेले दिसते, हे मात्र लक्षात ठेवावे. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असलेल्या माणसाचा अहवाल आणखी फसवा असतो. लोहाच्या अभावाने तांबड्या पेशी लहान होतात, बी-१२ च्या अभावाने मोठ्या होतात आणि दोन्हींची सरासरी नेमकी सामान्य दिसते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पाळी येणाऱ्या प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह लागते. ज्वारी, बाजरी, हरभरा, मटकी, राजगिरा व मेथी यांत लोह असते, परंतु धान्य-कडधान्यांतील फायटेटमुळे त्याचा थोडाच भाग शोषला जातो. आपल्या हातात आहे ते शोषण वाढवणे. भरितावर किंवा डाळीवर लिंबू पिळावे, जेवणाबरोबर पेरू, आवळा किंवा बोरे खावीत, कडधान्यांना मोड आणावेत, भाजी लोखंडी कढईत करावी आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर तरी चहा टाळावा. भाकरी खाल्ल्यावर लगेच चहा घेण्याची सवय या एका कारणासाठी मोडण्यासारखी आहे. केळीच्या बाबतीत गैरसमज दूर व्हायला हवा. जळगावचे केळे बी-६ आणि पोटॅशियम यांसाठी चांगले आहे, पण त्यात लोह अगदी थोडे असते आणि बी-१२ मुळीच नसते, त्यामुळे केळ्याने रक्त वाढते असे समजून उपचार लांबवू नयेत.

कमतरता सिद्ध झाली असेल, तर आहाराने ती लवकर भरत नाही, गोळी लागते. वेष्टनावर लोहाच्या क्षाराचे (जसे फेरस सल्फेट) वजन आणि त्यातील प्रत्यक्ष लोहाचे वजन वेगळे छापलेले असते, त्यांपैकी प्रत्यक्ष लोहाचा आकडा पाहावा. रिकाम्या पोटी, लिंबूपाण्यासोबत घेतलेली गोळी चांगली शोषली जाते. मळमळ झाली, तर थोड्या खाण्यासोबत घ्यावी किंवा डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्यावी. दिवसाआड घेतलेल्या गोळीतील लोहाचे शोषण अधिक प्रमाणात होते, असे अलीकडच्या अभ्यासांत आढळले आहे. शौचास काळे होणे अपेक्षित आहे, त्याने घाबरून गोळी सोडू नये. मात्र गोळी सुरू नसताना काळे, डांबरासारखे शौचास होणे हे पोटातील रक्तस्रावाचे लक्षण आहे. हिमोग्लोबिन महिनाभरात एक ते दोन ग्रॅमने वाढायला हवे. ते सामान्य झाल्यावरही साठा भरण्यासाठी गोळ्या सुमारे तीन महिने चालू ठेवतात आणि पुष्कळ जण नेमके इथेच थांबतात. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोह कमी निघाले, तर जठर-आतड्यांतून रक्त जाते का, हे तपासल्याशिवाय गप्प बसू नये.

शाळा आणि अंगणवाडीतून किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी आणि गर्भवतींना १८० दिवस मिळणारी लाल गोळी यांत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ऍसिड असते. ती फुकट आहे म्हणून हलक्या प्रतीची समजू नये. घरातील सर्व लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात, कारण मुलांनी त्या मूठभर गिळल्यास जिवावर बेतते.

सातपुड्याच्या बाजूच्या वाचकांसाठी इथे स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतील भिल्ल, पावरा व इतर आदिवासी समाजांत सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यातला रक्तक्षय तांबड्या पेशी लवकर फुटल्यामुळे होतो. अशा रुग्णाच्या शरीरात लोह कमी असेलच असे नाही, आणि वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात तर ते धोकादायक पातळीपर्यंत साठलेले असू शकते. म्हणून अक्कलकुवा-धडगावपासून साक्री-शिरपूरपर्यंत कुणाचेही हिमोग्लोबिन कमी निघाले, तर लोहाचा मोठा कोर्स सुरू करण्याआधी सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हे विचारावे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले आहे आणि ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करून मिळते.

'ड' जीवनसत्त्व आणि उन्हाळा

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या भुसावळ-जळगावात 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, हे अनेकांना खरे वाटत नाही. परंतु त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण दिवसाच्या मध्यभागी येतात आणि नेमक्या त्याच वेळी आपण घरात, दुकानात किंवा रुमाल बांधून असतो. हिवाळ्यात दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसणे सोयीचे. उन्हाळ्यात तो प्रयोग करू नये. रक्तातील पातळी २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असल्यास डॉक्टर सहसा ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे देतात. ती रोज घेण्याची चूक गंभीर आहे. त्याने रक्तातील कॅल्शियम वाढून तहान, बद्धकोष्ठता, उलट्या आणि खुद्द मानसिक गोंधळ उद्भवतो. स्नायू आणि हाडे यांच्यासाठी 'ड' महत्त्वाचे आहे, मात्र त्याच्या गोळीने स्मरणशक्ती सुधारल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही.

उन्हाळ्यात डोके जड होण्याचे अधिक साधे कारण पाणी आणि मीठ कमी पडणे हे असते. शेतात किंवा जिनिंगमध्ये काम करणाऱ्याने घाम फुटत असताना नुसते पाणी पिण्याऐवजी मीठ घातलेले ताक, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत किंवा जीवनरक्षक क्षारांचे पाणी (ओआरएस) घ्यावे. हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाचा आजार असणाऱ्यांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

बाकीच्या गोळ्या

नियमित मद्यपान करणाऱ्यांत बी-१ आणि फॉलिक ऍसिड घटते. अशा माणसाला गोंधळ, लटपटती चाल आणि डोळ्यांच्या हालचालीत बिघाड एकत्र दिसला, तर ती आणीबाणी आहे आणि रुग्णालयात बी-१ शिरेतून द्यावे लागते. मॅग्नेशियम ज्वारी, बाजरी, शेंगदाणे आणि पालेभाज्यांतून पुरेसे मिळू शकते, त्यामुळे सरसकट गोळीची गरज नाही. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी ताटात असावी, जरी त्यातील मेदाम्लाचे मेंदूला लागणाऱ्या प्रकारात रूपांतर थोडेच होते. मासे चालत असतील, तर ते अधिक उपयोगी. मल्टिव्हिटॅमिनबद्दल अमेरिकेतील कॉसमॉस चाचणीत साठीपुढच्या लोकांच्या स्मरणशक्तीत किंचित फायदा दिसला आहे, परंतु सिद्ध झालेली बी-१२ किंवा लोहाची कमतरता भरून काढण्याइतकी मात्रा अशा गोळीत सहसा नसते. बी-६ असलेल्या जास्त मात्रेच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्यास हातापायांत बधिरपणा येतो, म्हणजे ज्या तक्रारीसाठी गोळी घेतली तीच वाढते. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या बी-कॉम्प्लेक्स गोळ्या एकत्र घेऊ नयेत. अश्वगंधा वनस्पतीजन्य आहे म्हणून निर्धोक नाही. तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत आणि थायरॉईडच्या औषधांबरोबर तर ती विचारल्याशिवाय घेऊ नये.

गोळ्यांच्या वेळांचा मेळ घालणेही आवश्यक आहे. थायरॉईडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी घ्यावी आणि तिच्यापासून लोह व कॅल्शियम किमान चार तास लांब ठेवावे. लोह आणि कॅल्शियम एकमेकांसोबत घेऊ नये. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक, मात्रा आणि अंतिम तारीख पाहावी. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव लिहून दिले असेल, तर तेच औषध जनऔषधी केंद्रात कमी किमतीत मिळू शकते.

फेरतपासणी

लोह सुरू केल्यावर चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन, बी-१२ सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी पातळी आणि 'ड' चा कोर्स संपल्यावर सुमारे तीन महिन्यांनी त्याची पातळी पाहावी. पहिल्या वहीतली नोंदही पुन्हा आठवडाभर करावी, म्हणजे आकड्यांसोबत डोके प्रत्यक्ष किती हलके झाले, हे कळेल. हिमोग्लोबिन हललेच नाही, तर गोळी चुकते का, चहासोबत घेतली जाते का, रक्तस्राव चालू आहे का आणि सिकलसेल किंवा थॅलेसेमियाची तपासणी राहिली का, हे डॉक्टरांसोबत तपासावे. आकडे सुधारले पण डोके तसेच जड राहिले, तर कमतरता हे मुख्य कारण नव्हते असे समजून गोळ्यांची मात्रा वाढवण्याऐवजी झोप, घोरणे, मनःस्थिती, थायरॉईड आणि चालू औषधांची यादी घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे. वयस्कर माणसाच्या बाबतीत या भेटीला घरातला एक माणूस सोबत असावा, कारण विसरण्याचे प्रसंग विसरणाऱ्यापेक्षा सोबत राहणाऱ्यालाच अधिक नीट सांगता येतात.